ताईने वाचवलेला गहू

मी एक जुनी कोठी आहे, मित्रांनो. पत्र्याची, गहू साठवायची. एका बेकरीवाल्याच्या घरात, स्वयंपाकघरामागच्या खोलीत मी उभी असे. घरात तो, त्याची बायको, तान्ही मुलगी आणि त्याची मोठी बहीण. ताई सुगंधी तेलांच्या कारखान्यात कामाला होती, पण माझी देखभाल तीच करी.

एका वर्षी गहू दमट असतानाच माझ्यात भरला गेला. महिन्याभरात माझ्या पोटात सोंडे किडे वळवळू लागले, तळाला बुरशीचा कुबट वास सुटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्याच विषारी गोळ्या आणतो," बेकरीवाला म्हणाला.

"पलीकडे बाळ झोपतं. इथे विष नको," ताई म्हणाली. "मला थोडे दिवस दे."

तिने बुरशी आलेला गहू टाकून दिला, उरलेला चाळून कडक उन्हात वाळवला. मला घासूनपुसून कोरडं केलं. मग लवंगेच्या आणि पुदिन्याच्या तेलात भिजवलेला कापूस फडक्यात बांधून माझ्या झाकणाला आतून टांगला.

तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर उरलेले किडे मजेत फिरत होते!

"पाहुण्यांना वास आवडलेला दिसतोय," बेकरीवाला हसला.

ताई हसली नाही. तिने माझ्या काठावरून बोट फिरवलं. एके ठिकाणी काठ वाकला होता. तेलाची सगळी वाफ तिथून निसटत होती. तिने हातोडीने तो सरळ केला. मी घाव सोसले. तिने नवा कापूस बांधला, तेव्हा बेकरीवाला कणकेचा गोळा घेऊन आला आणि झाकणाची फट लिंपून गेला. भाऊच तो!

आठ दिवस मी तो उग्र वास छातीत कोंडून धरला. झाकण उघडलं, तेव्हा किडे निपचित पडले होते, बुरशीचा मागमूस नव्हता. ताई बाळाला मांडीवर घेऊन हसत सुटली.

पुढे तयार पीठ येऊ लागलं. मी अंगणात गेले, माझ्यात चिंध्या भरल्या, मला गंज चढला. कुणी ढुंकूनही पाहीना.

परवा मात्र त्या मोठ्या झालेल्या मुलीने पुन्हा गहू भरायला मला घासून आत आणलं.

"आत्या, तेल किती घालू?"

खुर्चीतून म्हाताऱ्या ताईने डोळे वटारले. "तेलाचं नंतर. आधी गहू वाळला का ते सांग!"

मित्रांनो, मीही तुम्हाला हेच सांगणार होते.