माता मेळाव्यातलं कुंकू

संक्रांत होऊन गेली होती आणि रथसप्तमी यायची होती. शिरड शहापूरपासून बरंच आत असलेल्या एका गावात चौथीपर्यंतची शाळा होती. तिथे रागिणी पोरींना निमंत्रणाच्या चिठ्ठ्या वाटत होती. औंढ्याची ही मुलगी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सरावासाठी इथे आली होती. मुख्याध्यापक विश्वंभर गुरुजींनी माता मेळाव्याची सगळी जबाबदारी तिच्यावर टाकली, तेव्हापासून तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. पोरींनी चौथीनंतर शाळा सोडू नये, हे आयांना पटवायचं होतं. नुसत्या मेळाव्याला बायका फिरकत नाहीत, म्हणून जोडीला हळदीकुंकू ठेवायची युक्तीही तिचीच. गुरुजी खूश झाले होते.

चौथीतली राधिका मात्र चिठ्ठी घेईना.

"का गं?"

"आमच्या घरी न्हाई चालत, बाई. माझा बाप वारलाय."

वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी ही. रागिणीनं चिठ्ठी परत गठ्ठ्यात ठेवली. दिवसभर तिचं स्वतःचं शिकवण्यात लक्ष लागलं नाही. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात आली कशी नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडत राहिली.

शाळा सुटल्यावर ती राधिकाच्या घरी गेली. तिची आई पद्माबाई मेंढरांच्या वाडग्यात लेंड्या गोळा करत होती.

"तुम्ही मेळाव्याला या," रागिणी म्हणाली.

"कुंकू हाय ना तिथं?"

"आहे."

"मंग मला काहून बोलवून राहिल्या?" पद्माबाईनं टोपलं खाली ठेवलं. मग तीच म्हणाली, "पण यावं तर लागंलच. शिरडची शाळा लांब. मधी ओढा, समदं रान. एकट्या लेकराला कसं धाडू? कोणाची तरी पोरगी संगं पाहिजे. त्या समद्या बायका मला एका जागी कवा भेटायच्या?"

"बिनधास्त या. मी आहे ना."

मी आहे ना! तोंडानं म्हणायला काय लागतं?

मेळाव्याच्या दिवशी वर्ग बायकांनी भरून गेला. सगळ्यांत पुढे सरपंचांच्या घरच्या गंगूताई बसल्या होत्या. पद्माबाई मागच्या रांगेत, भिंतीला चिकटून बसली. तिच्या एका बाजूच्या बाईनं पदर आवरून घेतला. दुसऱ्या बाजूला नानीबाई होती, ती काही हलली नाही.

रागिणी हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढून मागे येत गेली. तिच्या मागोमाग राधिका तिळगूळ वाटत होती. पद्माबाईसमोर येताच रागिणीचं बोट कुंकवात अडकून पडलं. पद्माबाईनं स्वतःच पदर कपाळावर ओढून घेतला.

"तिला न्हाई लावायचं, बाई. पुढं व्हा," गंगूताई पुढच्या रांगेतून म्हणाल्या.

रागिणीनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी डोळ्यांनीच पुढे व्हायला सांगितलं. तिच्या सरावाचे गुण त्यांच्या हातात होते. आणि रागिणी पुढे झाली. तिनं नानीबाईला कुंकू लावलं.

"बाई, तुमीच बोलावलं ना माझ्या आयला?" राधिका मागून म्हणाली. आवाज हळू होता, पण सगळ्यांनी ऐकलं.

रागिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं वळून ताट टेबलावर नेऊन ठेवलं.

"गुरुजी, हे बंद करू. इथे आया आल्यात. सगळ्या सारख्याच."

"अर्ध्यातून कुंकू थांबवतीस? अवलक्षणी!" गंगूताई कडाडल्या. "आमी तिला हाकललं व्हय?"

"रागिणीताई, कार्यक्रम बिघडवू नका," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले. "ताट उचला."

रागिणीनं ताट उचललं नाही.

बायका कुजबुजायला लागल्या. दोघी-तिघी उठल्याही. तेवढ्यात पद्माबाई उभी राहिली.

"बसा गं बायांनो. तुमच्या कुंकवासाठी न्हाई आले मी. राधिकेला शिरडला पाचवीत घालून राहिले. कोणाची पोरगी येती संगं, तेवढं सांगा. मंग जाते मी."

उठलेल्या बायका परत खाली बसल्या.

"घरी इचारून सांगते," एकजण म्हणाली.

"मीबी इचारते."

खुद्द गंगूताईंची नात चौथीत होती. त्याही म्हणाल्या, "मालकाला इचारावं लागंल."

ज्या कपाळांचा एवढा मान, त्यांतल्या एकीलाही आपल्या पोरीच्या शाळेबद्दल हो म्हणता येईना. जिला कुणी विचारत नव्हतं, तीच एकटी ठामपणे बोलत होती. रागिणीला हे आत कुठेतरी खोल लागलं.

शेवटी नानीबाईनं वर पाहिलं. "माझी येईल," ती म्हणाली. "घरी काय व्हायचं ते होऊ दे."

रागिणीला गुण कमी पडले. औंढ्याला परतताना त्याचं तिला वाईट वाटलंच, नाही कसं वाटणार? पण त्याहून जास्त टोचत राहिलं ते हे, की पहिल्या खेपेला आपण पद्माबाईला ओलांडून पुढे गेलो होतो. उद्या ज्या शाळेत नेमणूक होईल, तिथल्या मेळाव्यात हे ताट येऊ द्यायचं नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं.

जूनमध्ये दोन पोरी शिरडच्या वाटेला लागल्या. बाकीच्या घरांत अजून विचारणंच चाललं आहे.