धरायला शेपटा

माझे केस जन्मापासूनच विरळ. तीन मुलींवर चौथी मी झाले म्हणून घरच्यांनी नाव नकुशी ठेवलं, आणि केस देताना देवानंही हात आखडता घेतला. वेणी घातली की करंगळीएवढी होते आणि तीही खांद्याखाली उतरायला कंटाळते. पहिल्या सासरी माझ्या केसांबद्दल कुणी बोललं नाही, कारण तिथं बोलायला दुसरा विषय होता. सात वर्षांत मूल झालं नाही, तेव्हा बंद पडलेला मिक्सर दुकानात परत करतात तसं त्यांनी मला दौंडला माहेरी आणून सोडलं.

मग कारेगावचं स्थळ आलं. मच्छिंद्र, कंपनीत ऑपरेटर, बायको वारलेली, पदरात एक मुलगी. जमीन बरीचशी कंपन्यांत गेलेली, उरलेल्या तुकड्यावर कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधलेल्या. माझ्या भावानं विचारलं, पहिली कशानं गेली?

"कावीळ," गिताबाई म्हणाल्या, म्हणजे माझ्या आताच्या सासूबाई. "अंगावर काढली पोरीनं."

भावानं मान डोलावली. मला त्या सगळ्या बोलण्यात एकच शब्द ऐकू आला होता, मुलगी. मला आता मूल होणार नव्हतं, हे डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं. आयतं मूल मिळत असेल तर मी तिथं चालत गेले असते.

लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा छोटा टाक घातला. तो सुलक्षणेचा, माझ्या आधीच्या बाईचा. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं, ही आमच्याकडची रीत. मला त्याचं काही वाटलं नाही. मेलेल्या बाईचा काय हेवा करायचा, असं मी समजत होते.

पण ती मेलेली बाई घरभर होती. भिंतीवरच्या फोटोत तिचा शेपटा खांद्यावरून पुढं घेतलेला होता आणि फोटो संपला तरी तो संपत नव्हता. आल्यागेल्याला सासूबाई तो दाखवायच्या. "गुडघ्यापतूर होता सुलीचा शेपटा. न्हाऊन आली की दारात वाळवत बसायची, तवा रस्त्यानं जाणारी बाय थांबून बघायची." मग त्यांचं लक्ष माझ्या डोक्याकडं जायचं आणि त्या विषय बदलायच्या. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मुलगी ईश्वरी, सगळे ईशू म्हणायचे, पहिलीत होती. ती माझ्यावर चिडत नव्हती, रडत नव्हती. मी दिलेलं खायची, मी घातलेले कपडे घालायची, पण हात धरू द्यायची नाही. शाळेत जाताना माझ्या मागून चार पावलं अंतर ठेवून चालायची. एकदा मी भाकरी थापत होते, तेव्हा ती मागं येऊन उभी राहिली. माझ्या वेणीचं टोक तिनं दोन बोटांत घेतलं, जरा चाचपलं आणि सोडून दिलं. बाजारात भाजी बघून ठेवून देतात ना, तसं. मला इतका राग आला, आणि कुणावर काढावा तेही कळेना.

"आईचा शेपटा धरूनच हिंडायची ती," सासूबाईंनी त्या दिवशी सांगितलं. "सुली धुणं धुवू दे न्हाईतर केर काढू दे, ही आपली टोक धरून मागं. झोपताना बी तेच."

त्याच आठवड्यात वडगाव रासाईहून सोजराबाई आल्या, सुलक्षणेची आई. नात भिंतीला टेकून गप्प बसलेली त्यांनी बघितली. जाताना उंबऱ्यात थांबून माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "जावईबापू, दिवाळीपतूर बघू. पोरगी रमली तर सोनं झालं. न्हाई रमली तर मी घिऊन जाईन. माझ्या सुलीची येवढीच खूण ऱ्हायलीय मागं."

ह्यांनी मान हलवली. आमचे हे मान हलवण्यात पटाईत, नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं ना.

मी ठरवलं, मुलीला धरायला शेपटा हवाय ना, मग शेपटा आणू.

कारेगावात किंवा शिरूरला घेतला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. भावाच्या मुलाच्या बारशाचं निमित्त काढून मी दौंडला गेले. स्टेशनच्या रस्त्याला सुषमाचं पार्लर आहे, माझी शाळेतली मैत्रीण. तिला म्हटलं, गंगावन पाहिजे.

"गंगावन म्हणू नको बाई, लोक हसतील. आता एक्स्टेन्शन म्हणायचं, म्हंजी भाव बी वाढतो," ती म्हणाली. "किती लांब?"

"गुडघ्यापर्यंत."

"गुडघ्यापर्यंतचं केस आता फोटोतच. कमरेपर्यंत घे."

तिनं तीन पाकिटं फोडून खुर्चीवर पसरली. पहिले केस प्लॅस्टिकचे, नव्या बादलीसारखे चकचकीत. "हे लावून चुलीपुढं बसलीस तर आकसून गोळा होतील." दुसरे लांब होते पण उजेडात तपकिरी दिसत होते. तिसरे खऱ्या बाईचे. देवळात उतरवलेले असतील, नाहीतर दारोदार भांड्यांवर गोळा केलेलं गुंतवळ असेल. कुणाचे ते विचारायचं नाही, सुषमा म्हणाली. ते घेऊन ती मला दारात उन्हात घेऊन गेली आणि माझ्या वेणीच्या टोकाशी धरून बघितले. रंग टोकाशी जुळवायचा, मुळाशी नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग आरशापुढं बसवून तिनं पट्ट्या लावायला शिकवलं. प्रत्येक पट्टीला बारीक दातांच्या क्लिपा होत्या. सगळ्यात रुंद पट्टी मानेच्या वर, बाकीच्या कानांच्या रेषेत. "मुळाशी केस उलटे विंचरून फुगवायचे, त्या फुगवट्यात क्लिप बसवायची. नकुशे, तुझ्या केसांत धरायला काही न्हाईच गं. घसरेल. झोपताना आठवणीनं काढत जा."

हो हो म्हणाले मी. तिनं सगळे केस एकत्र घेऊन पेड घातले आणि शेपटा माझ्या खांद्यावरून पुढं टाकला. आरशात बघून मला लाज वाटली, कारण मला ते फार आवडलं होतं. सवत गळ्यात होतीच, आता डोक्यावरही बसवली, असं मनात आलं आणि मी एकटीच हसले.

घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "दौंडाच्या पाण्यानं लई भराभर वाढत्यात केस."

मी खालमानेनं उभी. त्यांचा आवाज मऊ झाला. "लाव बाई, पोरीसाठीच लावलंस ना. पण पोरीम्होरं काढू नको."

"न्हाई काढत, आत्याबाई."

"न्हाई म्हंजी... तसं न्हवं..." त्या काहीतरी सांगणार होत्या. तेवढ्यात मागच्या खोलीतला भाडेकरू "अम्मा, मोटर चालू करो, पानी नहीं है" असं ओरडला आणि त्या उठून गेल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही विचारलं नाही. पोरीचा भ्रम मोडू नको एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

ईशू काही दिवस लांबूनच बघत राहिली. मी मुद्दाम तिच्याकडं पाठ करून कामं करायची. एका सकाळी भांडी घासत असताना शेपट्याला हलकासा ओढा बसला. मी मागं वळले नाही. हातातलं एकच ताट घासत बसले, किती वेळ ते सांगता येणार नाही. उठले तेव्हा ती टोक धरून माझ्या मागं आली. न्हाणीपाशी, चुलीपाशी, कपडे वाळत घालायला गच्चीवर. शाळेत जातानाही. रस्त्यात बायका हसल्या, हसू देत. मी तेव्हा त्या सगळ्यांपेक्षा श्रीमंत होते.

ती मला हाका मारायला लागली, आधी "ए", मग "मम्मी". आई म्हणाली नाही, आणि मी मागितलंही नाही. सोजराबाई एकदा अचानक आल्या, नातीच्या मुठीतलं ते टोक बघितलं आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आता माझी काळजी मिटली." मी त्या रात्री देवापुढं साखर ठेवली.

मग ऑक्टोबरातली ती रविवारची दुपार. वीज गेलेली, अंगाला नुसत्या धारा. ईशू शेपटा मुठीत धरून माझ्या कुशीत झोपली होती. क्लिपा काढायच्या तर तिची मूठ सोडवावी लागली असती. माझ्यानं ते झालं नाही, आणि तशीच माझी झापड लागली.

जागी झाले तेव्हा ईशू शेजारी नव्हती. डोकं हलकं लागत होतं. चाचपून बघते तर मानेवरची रुंद पट्टी गायब, शेपटा सुटून उरलेल्या पट्ट्या लोंबत होत्या. धावत बाहेर आले. ईशू पाण्याच्या टाकीमागं दप्तर छातीशी धरून बसली होती.

"ईशू, दे गं माझं केस. पुरं झाली चेष्टा."

तिनं दप्तर आणखी घट्ट आवळलं, त्याला हातच लावू देईना. घरात सगळीकडं शोधलं, पट्टी सापडली नाही. उरलेल्या पट्ट्यांचा शेपटा होईना, म्हणून त्या डब्यात टाकल्या आणि मी डोक्यावरून पदर घेऊन वावरायला लागले. त्या पदराकडं बघून मुलीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, खोटेपणा उघडा पडला, पोरगी दुखावली. मी तिला समजवायला जायची आणि ती आजीच्या मागं लपायची. जेवण तुटलं. दिवाळीचा फराळही तिनं तोंडाला लावला नाही. ह्यांनी विचारलं, "तू काय बोललीस का तिला?"

भाऊबिजेला सोजराबाई मुलाची जीप घेऊन आल्या. त्यांनी काही विचारायच्या आतच ईशू उंबऱ्यातून म्हणाली, "आजी, मला तुझ्याकडं न्हे."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सावत्र बाईकडं कसं बघायचं ते आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

मी आत जाऊन तिची पिशवी भरायला लागले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण फ्रॉकांच्या घड्या घालताना रडतच होते. दप्तरात वह्या नीट लावाव्या म्हणून हात घातला, तर तळाशी फरसाणाची रिकामी पिशवी लागली. आत माझी पट्टी होती. केस नीट विंचरलेले, टोकाला तिच्या शाळेची लाल रिबीन बांधलेली.

ईशू धावत आली आणि तिनं पिशवी हिसकावून घेतली.

"कुणाला दावू नको," ती कुजबुजली. "मी कुणालाच सांगितलं न्हाई."

"काय सांगितलं न्हाईस, बाळा?"

"तुझं केस निघाल्यालं. पप्पांना कळलं की पुण्याला न्हेत्यात. आईचं बी असंच निघालं. मी धरलं हुतं, झोपले हुते, आन् हातात आलं. मग आई बी डोक्यावर पदर घ्यायची. मग तिला परत पुण्याला न्हेलं, आन् ती आलीच न्हाई." ती श्वास घ्यायला थांबली. "मी आजीकडं ऱ्हाते. मी धरलं न्हाई तर तुझं ऱ्हातील."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कावीळ होती ना, आत्याबाई?" मी विचारलं.

त्यांनी चौकटीला हात टेकला. "माझ्या धाकल्याचं, मच्छूच्या भावाचं लगीन जमवायचं हुतं. त्या रोगाचं नाव निघालं तर घरात पोरगी कोण देतंय? मच्छूला तरी कुणी दिली असती?"

मी आले असते. कॅन्सर म्हटलं असतं तरी मी याच घरात आले असते, मुलगी आहे एवढंच मला पुरे होतं. एका लग्नासाठी यांनी तोंड मिटलं, आणि मी बाजारातून शेपटा आणून या लेकराच्या हातात आईचं मरण पुन्हा दिलं. केसानं गळा कापणं म्हणतात, ते असतं कसं ते मला त्या खोलीत कळलं.

मी खाली बसले. डोक्यावरचा पदर काढला.

"ईशू, हिकडं बघ. ते खोटं केस हुतं. दौंडाच्या दुकानातनं इकत आणलं हुतं, तुला धरायला. तू काय बी केलं न्हाईस. हे बघ, हे माझं खरं." माझी वेणी मी पुढं घेऊन तिच्यासमोर धरली. "धर. ओढ जोरात. न्हाई निघत."

तिनं वेणीकडं बघितलं, मग माझ्या भांगाकडं, कानशिलांकडं. किती थोडे उरलेत ते ती बघत होती. हे पहिल्यापासूनच इतके आहेत, तिनंच एकदा ते चाचपून बघितले होते, पण आता तिला ते आठवत नसावं. फरसाणाची पिशवी तिनं माझ्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

"ओढ ना गं," मी म्हणाले. "एकदाच ओढ."

"न्हाई," ती म्हणाली.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. ती गेली तेव्हाही हात तसेच मागं एकमेकांत अडकवलेले होते. जीपची पायरी उंच होती, तिला चढता येईना, पण तिनं हात काही सोडले नाहीत. शेवटी आजीनंच तिला उचलून आत घेतलं.