बैलाच्या गळ्यातला पट्टा

अब्दुल रहीम भरदुपारी राजापेठेच्या बाजारातून चालत घरी आला, तेव्हा त्याने डाव्या मुठीत पॅन्ट धरून ठेवली होती. बासष्ट वर्षांचा माणूस, अंगाने काडी. मूठ सोडली असती तर पॅन्ट खालीच आली असती. दारात बसून कुणाच्या तरी पर्सची चेन शिवत असलेल्या सबीहाने, त्याच्या मुलीने, विचारलं, “अब्बा, पट्टा कुठी हाये?”

“दुकानात राह्यला,” तो म्हणाला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

खरं काय घडलं ते तिला संध्याकाळी मोईजने सांगितलं. मोईज त्याच दुकानात कामाला होता. दुकान गुलफामचं, म्हणजे सबीहाच्या सख्ख्या मामेभावाचं. अब्दुल रहीमने तीस वर्षं बैलांचं सामान बनवलं होतं: गळ्यातले पट्टे, घुंगरांच्या माळा, तोंडावर बांधायच्या मोरख्या. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. गावोगाव लोकांनी बैल विकले आणि त्याचं काम बसलं. तेव्हा गुलफाम स्वतः घरी येऊन आपल्या या फुफाला, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, घेऊन गेला होता. “फुफा, तुमचा हात अन् माझं दुकान,” असं म्हणाला होता. पहिली दोन वर्षं कमरेचे पट्टे खरोखर अब्दुल रहीमच्या हातचे होते. त्या पट्ट्यांनी दुकानाचं नाव झालं. मग बाहेरून पोत्यांनी तयार माल येऊ लागला आणि म्हाताऱ्याच्या हाती फक्त ठसा उरला. प्रत्येक पट्ट्यावर मागून ‘असली चमडा’ उमटवायचं.

त्या दिवशी मालात एक पट्टा कमी भरला. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती.

“फुफा, तुमच्या कमरेले हाये तो कुठला?” गुलफामने विचारलं.

“कातरणाचा हाये, बेटा. तूच फेकायले सांगतलं होतं. तुकडे जोडून केला.”

“कातरण बी दुकानाचंच असते. उतरवा.”

अब्दुल रहीमला वाटलं, पोरगा थट्टा करून राहिला. तो हसला. गुलफाम हसला नाही. मग म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर पट्टा काढून काउंटरवर ठेवला. कुणी तरी म्हणालं, “चाचा, पॅन्ट सांभाळा,” आणि सगळे हसले. हरवलेला पट्टा तासाभराने पोत्याच्या तळाशी सापडला. तरी गुलफामने म्हाताऱ्याला परत बोलावून घेतलं नाही.

सबीहा एकतीस वर्षांची होती. अकोल्याला दिलेली होती. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तेव्हा शिलाई मशीन उचलून बापाकडे परत आली होती. ती रडली नाही की गुलफामच्या दारात भांडायलाही गेली नाही. तिने एवढंच ठरवलं की ज्या बाजारात अब्बा पॅन्ट धरून चालले, त्याच बाजारात गुलफामनेही तसंच चालायचं.

चामडं विकत घेण्याची ऐपत नव्हती. तिला आठवलं, खेड्यांत बैल गेले तरी त्यांचं सामान खुंट्यांवर लटकत असेल. ती धामणगावच्या रस्त्यावरच्या गावांत फिरू लागली. पंजाबराव म्हणून एक वांगी-मेथी पिकवणारा माळी होता. त्याने गोठ्यातून दोन पट्टे आणून तिच्यासमोर टाकले. घामाने, शेणाने काळे पडलेले आणि लाकडासारखे कडक.

“बैल गेले, हे राह्यले. पाहून पाहून जीव जळते. घेऊन जा माय,” तो म्हणाला. “पण याचं करतं काय?”

“माणसाच्या कमरेले बांधतो.”

घरी तिने ते कोमट पाण्यात साबण घालून घासले, सावलीत वाळवले, एरंडीचं तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी चामडं वाकू लागलं. मग तिने बापाची रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, घेतली आणि शाळेची पट्टी ठेवून कापायला बसली. सुरी घसरली. कड सापासारखी वेडीवाकडी गेली.

महिनाभर कुणाशी न बोललेला अब्दुल रहीम खाटेवरून पाहत होता. तो उठला, पट्टा हातात घेतला, उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

“हा टाका माहा हाये,” तो म्हणाला. “बेटी, हे चमडं तू खराब करून राहिली.”

“मंग शिकवा.”

“कायले शिकतं?”

“पोट भरायले.”

ती खोटं बोलली. बापाला खरं कळलं असतं तर त्याने रापी लपवून ठेवली असती. गुलफाम त्याच्या मेलेल्या बायकोचा, बिल्कीसचा, भाचा होता, तिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

त्याने शिकवलं. सुरी ओढायची, ढकलायची नाही. आधी आरीने भोकं पाडायची, मग एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून दोन्हीकडून शिवायचं, म्हणजे एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. दोऱ्याला मेण लावायचं. कड ओली करून काचेच्या बाटलीने घासायची, चमक येईस्तोवर. बकल विकत घ्यायची गरजच नव्हती, बैलाच्या पट्ट्याची पितळी कडी राखेने घासली की झालं. चौथा पट्टा सरळ निघाला. तो तिने पंजाबरावला नेऊन दिला. त्याने तो कमरेला बांधून भाजीबाजारात मिरवला आणि गावोगावच्या खुंट्यांवरचे पट्टे सबीहाच्या घरी येऊ लागले.

त्या वर्षी, २००६ साली, दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली होती. राजापेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. सबीहाने गुलफामच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पोतं अंथरलं. पोत्यावर तीस पट्टे मांडले आणि शेजारी पाण्याची बादली ठेवली. पाण्यात एक पट्टा बुडवून ठेवला होता. तिचा रोजा होता. ऊन डोक्यावर आलं तरी ती हलली नाही.

“हा सकाळपासून पाण्यात हाये, पाहा,” ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. “समोरच्या दुकानातला पट्टा आणा, या बादलीत टाका. टिकला तर माहा पट्टा फुकट घेऊन जा.”

पहिला आला तो कॉलेजचा पोरगा, मजा म्हणून. त्याचा पट्टा अर्धा तास भिजला. सबीहाने तो बाहेर काढून दोन्ही हातांनी वाकवला. वरचा तपकिरी पापुद्रा केळीच्या सालीसारखा सुटला आणि आतून भिजलेल्या पुठ्ठ्याचा लगदा निघाला. मागचा ‘असली चमडा’ हा ठसा लगद्यासोबत गळून पडला. पोरगा ओरडला. गर्दी जमली. दुपारपर्यंत बादलीत सात पट्टे पडले आणि सातही फुगले. लोक लगदा घेऊन गुलफामच्या काउंटरवर आपटू लागले.

शेवटी तो रस्ता ओलांडून आला. घामाघूम झालेला.

“सबीहा, घरच्या घरात बोलू. फुफाले मी उद्याच बोलावतो.”

“गुलफामभाई, तुमच्या कमरेले हाये तो कुठला?”

त्याचा हात कमरेकडे गेला.

“दुकानाचाच असन नं? असली हाये नं? मंग उतरवा. टाका बादलीत.”

“टाका, टाका,” गर्दी म्हणाली. कुणी तरी टाळी वाजवली. गुलफामने आजूबाजूला पाहिलं. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. त्याने पट्टा काढून बादलीत टाकला. त्याचं पोट सुटलेलं होतं, पॅन्ट लगेच सरकली. दोन्ही हातांनी ती धरून तो रस्ता ओलांडू लागला, तेव्हा मागे जो हशा उठला तो सबीहाने डोळे मिटून ऐकला. उन्हाने कोरडा पडलेला तिचा घसा एकदम ओला झाल्यासारखं तिला वाटलं.

अब्दुल रहीमला हे कळलं. त्या दिवशी त्याने तिच्यासोबत रोजा सोडला नाही. “त्याच्या तोंडावर थुंकली असती तरी चाललं असतं,” तो म्हणाला. “भर बाजारात नाही.”

“तुमची इज्जत कुठं काढली होती त्यानं?” सबीहा म्हणाली.

थंडी सरायच्या आत दुकान बंद झालं. गुलफाम अकोल्याला कुणाच्या तरी गोदामात कामाला लागला.

मग एके सकाळी त्याची बायको अफिफा सबीहाच्या दारात आली. हातात पिशवी, पायात रबरी चपला. शिवणकाम असेल तर द्यावं, म्हणाली.

“तुले लाज नाही वाटत, भाभी?”

“वाटते,” अफिफा म्हणाली. “फुफाची गोष्ट त्यायनं घरी येऊन हसत हसत सांगतली होती. मी बी हसली होती. म्हणून सांगून टाकतो, मागाहून कळू नये.”

हे ऐकायची सबीहाची तयारी नव्हती. तिने हाकललं नाही. आत ये असंही म्हटलं नाही. कोपऱ्यातून शेणाने माखलेले सहा पट्टे उचलून तिने अंगणातल्या नळाखाली टाकले आणि साबणाची वडी पुढे केली.

अफिफाने बाह्या वर सारल्या आणि उकिडवी बसून घासू लागली. पाणी काळं वाहत राहिलं. तिची बोटं लाल झाली. अब्दुल रहीम आतून म्हणाला, “सबीहा, पुरे म्हण तिले.”

पुरे म्हणायला सबीहाला बराच वेळ लागला.