दारातलं हसू

कात्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संकलिकेने चित्र थोडं मागे नेलं आणि पुन्हा सुरू केलं. पडद्यावर एक नटी बंद दारासमोर उभी होती. हातात पिशवी, आणि ओठांवर स्वतःशीच आलेलं हसू.

"ही कशाला हसतेय?" दिग्दर्शकाने विचारलं. "मी तर अजून ॲक्शनसुद्धा म्हणालो नव्हतो."

"म्हणूनच हसतेय. तुम्ही म्हणालात की ती अभिनय करायला लागते."

कॅमेरा सुरू होतो आणि दिग्दर्शकाचा आवाज यायचा असतो, त्या मधल्या वेळात माणसं खरी दिसतात असं कात्रीचं मत होतं. तिची मतं सहसा बदलत नसत. दुसरे संकलक तेवढा तुकडा डोळे झाकून फेकून देत. ही मात्र जुनी बटणं जपावीत तसे ते तुकडे जपून ठेवी.

कात्री हे नाव तिला वसतिगृहात एकाच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीने ठेवलं होतं, संकलनाचं पहिलं काम मिळालं तेव्हा. कात्रीने त्याच दिवशी तिचं नाव रेडिओ ठेवून परतफेड केली होती, कारण ती बोलायला लागली की बंद करायचं बटण सापडत नसे. आज दोघींच्या केसांत पांढरं डोकावत होतं आणि नावं तीच होती. हा चित्रपट रेडिओनेच लिहिलेला. आत्ता ती मागच्या सोफ्यावर पाय वर घेऊन, कॉफीचा कप धरून बसली होती.

पडद्यावर दार उघडलं. आतून नायिका रडत आली आणि दारात उभ्या मैत्रिणीच्या गळ्यात पडली. मैत्रिणीने हसू आवरलं, पिशवी खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर हात फिरवायला लागली. मग नायिकेने आपल्या प्रियकराच्या चुकांचा पाढा वाचला. पण कात्रीने पडद्यावर नायिका ठेवलीच नव्हती. आवाज तिचा आणि चेहरा ऐकणारीचा, अगदी शेवटपर्यंत.

दिग्दर्शकाने मान हलवली.

"ठेवा, ताई. असंच ठेवा," तो म्हणाला आणि वाजणारा फोन घेऊन बाहेर गेला.

रेडिओने कप खाली ठेवला.

"छान झालंय गं. पण माझी शेवटची ओळ कुठे गेली?"

"कापली."

प्रसंगाच्या शेवटी नायिका डोळे पुसत मैत्रिणीला म्हणायची, तुला तर तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने दारातूनच परत पाठवलं, तरी तू हसतेस, मलाही शिकव ना. ती ओळ.

"अगं, अख्ख्या सिनेमाचा जीव आहे त्या ओळीत. आणि ती तुझ्यासाठी लिहिलीय मी. तुला कळलं नाही का?"

"वाचलं तेव्हाच कळलं."

न कळायला काय झालं? सिनेमातली ती मैत्रीण विनोद करायची, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावायची, पिशवीत सगळ्यांसाठी काही ना काही ठेवायची. तिचं एकदाच लग्न ठरलं आणि तिला नकार मिळाला. तरी बिचारी हसतमुख. प्रेक्षक हसतील आणि रुमालही काढतील. रेडिओने ती मनापासून, मायेने लिहिली होती आणि कात्रीला तेच खुपत होतं. कुणी आकसाने लिहिलं असतं तर भांडता आलं असतं, मायेने लिहिलेल्याशी कसं भांडायचं? म्हणून आजवर ती मूग गिळून बसली होती. पण ती ओळ एकदा पडद्यावर गेली की बिचारी कात्री कायमची बिचारी राहणार होती, आणि तीही सगळ्यात जवळच्या मैत्रिणीच्या साक्षीने. ते तिला नको होतं.

"मग कापलीस कशाला?"

"खोटी आहे म्हणून."

"काय खोटं आहे? तुझं ठरलेलं लग्न मोडलं नव्हतं?"

"मोडलं होतं ना. मी मोडलं होतं."

रेडिओने कपाकडे नेलेला हात तसाच राहिला.

"तो म्हणाला, लग्नानंतर हे काम सोडायचं," कात्री म्हणाली. "मी म्हटलं, मग त्यापेक्षा तुलाच सोडते. सोपं पडेल."

"आणि हे तू मला इतक्या वर्षांत..."

कात्रीने चित्र पार मागे नेलं आणि थांबवलं. बंद दार, पिशवी, हसू.

"ही मी आहे," ती म्हणाली. "त्याला नाही म्हणून सरळ तुझ्या दारात आले होते. रस्ताभर एकटीच हसत होते, लोक बघत होते. म्हटलं, आधी तुला सांगायचं. तू शाब्बास म्हणशील. पिशवीत केक होता. तू दार उघडलंस ते रडतच."

रेडिओ पडद्याकडे बघत राहिली. आपलं रडणं तिला लख्ख आठवलं. ज्याच्यासाठी रडलो त्याचा चेहरा मात्र धड आठवेना. आणि मग केक आठवला.

"तो केक..."

"हो."

"मला वाटलं, माझ्यासाठी आणलायस."

"अर्धा रडता रडता खाल्लास. उरलेला दुसऱ्या दिवशी."

रेडिओला हसू फुटलं आणि ते मध्येच अडलं. तिने डोळे टिपले.

"नंतर तरी सांगायचंस."

"नंतर तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं, तेही त्यानेच लग्न मोडलं असं. तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, त्याची लायकीच नव्हती. माझ्यापेक्षा तूच जास्त रडलीस. म्हटलं, हिचं एवढं रडणं वाया कशाला घालवा? पुढे मग राहूनच गेलं."

"पण नाकारलेली मैत्रीण लोकांना आवडते गं," रेडिओ हळूच म्हणाली. लेखकाची जित्याची खोड.

"आवडू दे. पण या हसण्यावर ती ओळ बसत नाही. ओळ परत आली तर सिनेमावर माझं नाव नको." कात्रीचा आवाज जराही चढला नव्हता. खिडकी लावून घे म्हणावं, तसंच तिने हे सांगितलं.

रेडिओ उठली. आता दार आपटून जाणार असं कात्रीला क्षणभर वाटलं. इतक्या वर्षांत ती तशी दोनतीनदा गेलीही होती. पण ती टेबलाशी आली आणि कात्रीच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"ऊठ. तू तिकडे सोफ्यावर बस."

"का?"

"तिथे बोलणारी बसते. इथे ऐकणारी."

कात्री सोफ्यावर जाऊन बसली. पाय वर घ्यावेत की नाही हे तिला क्षणभर कळेना, मग तिने घेतले. सोफा चांगलाच मऊ होता. रेडिओने खुर्ची तिच्याकडे वळवली आणि हात मांडीवर ठेवले.

"सांग आता. दारातून आत आल्यापासून."

"त्याच्या आधीपासून सांगते," कात्री म्हणाली. "आम्ही एका हॉटेलात बसलो होतो. त्याने माझ्यासाठी काय मागवायचं ते मला न विचारताच सांगून टाकलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली."

"अगं, माझ्या त्यानेही अगदी असंच..."

रेडिओ थांबली. कुणी थांबवलं नव्हतं. तिने ओठ मिटले आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

"पुढे?" तिने विचारलं.