मृतांच्या पानावरची ग्लाफिरा

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. पीटर्सबर्गहून माझ्या धाकट्या भावाचं, मीत्याचं, पत्र आलं. "बाबांच्या आठवणींची स्वच्छ प्रत करून पाठव. एक मासिक छापायला तयार आहे. आपल्या जिल्ह्यात भ्रमनिरास न झालेला एकच जमीनदार उरलाय म्हणतात, आणि त्याला लिहिता येत नाही."

थट्टा खोटी नव्हती. अशा आठवणी मी पुष्कळ वाचल्या आहेत. आधी सैन्याचा वीट, मग दरबाराचा, मग सुधारणांचा, शेवटी स्वतःचा. बाबांची वहीही त्याच वाटेने चालली होती. मला तिच्यात फक्त माझ्याविषयीची एखादी ओळ हवी होती. बाबा आयुष्यभर माझ्याशी सौजन्याने वागले, पाहुण्याशी वागावं तसे.

ओळ सापडली. "फेब्रुवारी १८४१. माझी मुलगी ग्लाफिरा गेली. आठ वर्षांची होती."

ग्लाफिरा मीच. आता चौतीस वर्षांची आहे.

पुढे वाचलं. त्या दिवशी बाबांनी येर्योमा कोचमनला तबेल्यात फटक्यांची शिक्षा दिली होती आणि मी दारात उभी होते. "झोपताना नेहमीप्रमाणे तिच्या कपाळावर क्रूस काढायला गेलो. तिने डोळे मिटले, मार चुकवताना मिटतात तसे. सकाळी जी खाली आली तिच्या अंगात तिचाच झगा होता. धडेही तिला येत होते. मी तिला नीट वाढवलं. पण ती कोण, हे मला कधी कळलं नाही."

मला यातलं काहीच आठवत नाही.

स्वयंपाकघरात माझी दाई उस्तिन्या कोबी चिरत होती. तिला विचारलं.

"ताप भरला होता गं तुला, ग्लाशा. उतरल्यावर सगळ्यांची तोंडं बघत बसायचीस. मलाच विचारलंस, तुझं नाव काय म्हणून."

"मग?"

"मग काय, सांगितलं! तुला दूध पाजणारीलाच विचारतेस म्हणून रडू का तुझ्यापुढे? मालकांनी तुझे जुने बूट आणि बाहुली पेटीत घालून नेली बागेत पुरायला. जमीन दगडासारखी गोठलेली. परत आले ते हात सोललेले."

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"कुणाला सांगायचं?" असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग पुन्हा कोबी चिरू लागली.

बाबांच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेआधी, मी बाबांची स्मरणवही घेऊन चर्चमध्ये गेले. तिच्यात एका बाजूला जिवंतांची नावं असतात, दुसऱ्या बाजूला मृतांची, आणि फादर ती मोठ्याने वाचतात. बाबांचं नाव लिहायला मृतांचं पान उघडलं. शेवटचं नाव त्यांच्याच अक्षरात होतं: ग्लाफिरा.

"फादर पोर्फिरी, ही कोण?"

"तुमची थोरली बहीण ना? तिचंच नाव तुम्हाला ठेवलं, असं धरून चाललो. इथे आल्यापासून, पंचवीस वर्षं वाचतोय. तुम्हीही तर पुढच्या रांगेत उभ्या राहून तिच्यासाठी क्रूसाची खूण करता."

"मला बहीण नव्हती."

फादरांचा हात दाढीतच थांबला. "अरे देवा! जिवंत माणसाला मेलेल्यांत घालून बसलो! द्या इकडे, खोडतो. त्या बाजूला लिहितो."

मी ती बाजू पाहिली. मीत्या होता, उस्तिन्या होती. कोचमन येर्योमाही होता. मी नव्हते.

फादरांनी लेखणी शाईत बुडवली. मी पानावर हात ठेवला.

"राहू द्या, फादर. तिच्यासाठी प्रार्थना करणारा एकच माणूस होता, तोही गेला."

"ग्लाफिरा अलेक्सेयेव्हना, हे बरं नव्हे. निदान जिवंतांत तरी लिहू द्या तुम्हाला."

"त्यांच्या वहीत नको. मी वेगळी करीन."

मी तिच्या खाली बाबांचं नाव, अलेक्सेय, लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत थांबले.

धूप पेटला. नावं सुरू झाली. "ग्लाफिरा" म्हणताना फादरांचा आवाज अडखळला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून त्यांना पुढे जायला सांगितलं.

"अलेक्सेय," ते म्हणाले.