यंत्रनाथाचा नारळ

"बोला, यंत्रनाथ महाराज की..."

"जय!"

पत्र्याची शेड दणाणली. चाकणच्या मोठ्या कारखान्यांमागं आमची छोट्या वर्कशॉपांची गल्ली आहे. ती सगळी त्या दिवशी माझ्या मित्राच्या, मारुतरावांच्या शेडमध्ये कोंबली होती. मी दारातच उभा राहिलो. बाबाबुवांच्या फार जवळ गेलं की माझं डोकं फिरतं. आयटीआयमध्ये पोरांना लेथ शिकवण्यात माझी हयात गेली, निवृत्तीनंतर मीही याच गल्लीत एक साधा लेथ टाकलाय. यंत्र बिघडतं त्याला कारण असतं, हे सांगून सांगून घसा सुकला, आणि इथं माझेच विद्यार्थी हात जोडून उभे!

महाराज कॉम्प्युटरपुढं बसले होते. डोक्यावरून भगवी शाल, तीच पुढं ओढून मॉनिटर झाकलेला. पापी नजर पडायला नको म्हणे! लाल फडक्यात बांधलेला नारळ त्यांनी सीपीयूच्या मागं टेकवला.

"हार्डडिस्कमध्ये हडळ बसलीय, हडळ! मदरबोर्डाची माउली रुसलीय! ओम ह्रीं फट्!"

माणसं टाचा उंचावून बघत होती. तेवढ्यात कॉम्प्युटर वाजला, "टुडुंग."

माझे कान टवकारले. हा आवाज गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण भक्तीत बुडालेल्या माणसाला ऐकू येतं कुठं?

थोड्या वेळात शाल बाजूला झाली, आणि दोन दिवस मेल्यासारखं पडलेलं लेझर कटिंगचं मशीन घरघरलं. पत्र्यावर ठिणग्या उडाल्या. लोकांनी महाराजांच्या पायावर लोळण घेतली.

या दोन दिवसांत आक्रीत घडलं होतं. खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा होते. फुलं वाहिली की मशीन बंद, दसरा उलटेपर्यंत कुणी हात लावत नाही. यंदा पूजेला हे महाराज आले होते. एकेका शेडमध्ये दार लोटून एकांतात त्यांनी 'यंत्रशुद्धी' केली. दसऱ्यानंतर मशीनं उघडली तर चार शेडमधले कॉम्प्युटर सुरू होत होते, पण मशीनं त्यांचं ऐकेनात. माल तर द्यायचाच होता. म्हणून मारुतरावांचा मुलगा समाधान अडगळीतल्या, पत्रा दाबून कापणाऱ्या जुन्या प्रेसवर बसला आणि त्याची दोन बोटं गेली. पोरगं दवाखान्यात विव्हळत होतं, आणि बाप इथं नारळापुढं उभा होता.

"महाराज, ह्ये केलं कुनी? नाव सांगा!" मारुतराव गरजले.

महाराजांनी डोळे मिटले. "या गल्लीत एक मशीन चालू राहिलं. एकच. ते कुणाचं?"

सगळ्यांच्या माना शेजारच्या शेडकडं वळल्या. तिथं जयमाला काम करत होती. बीडकडची बाई. नवरा गेल्यावर त्याचं मशीन तिनं स्वतः चालवलं, लेकीला शिकवलं. 'विधवेनं यंत्राला कुंकू लावू नये, मी लावतो,' असं महाराज म्हणाले, तेव्हा तिनं त्यांना उंबऱ्यावरूनच पिटाळलं होतं.

"करणी तिचीच! पोराची बोटं तिनं खाल्ली!" गर्दीतून ओरडा झाला.

माणसं शेजारच्या शेडमध्ये घुसली. तिला केसांना धरून फरफटत आणलं. कुणी लाथा घातल्या, कुणी चपलेनं मारलं. ओठ फाटला, पदर रक्तानं भिजला. "मी काय केलंय? मी काय केलंय ओ?" एवढंच ती ओरडत होती. महाराज शांतपणे म्हणाले, "सळई तापवा. डाग दिला की हडळ कबूल होते."

मारुतरावांनी गॅसवर लाल केलेली सळई तिच्या दंडाला लावली. तिची किंकाळी आणि तो वास! मी गर्दी फोडत आत घुसलो. पाठीत एक दांडकं बसलं, कपाळावर दुसरं.

"मास्तर, मधी येऊ नका!"

"येणार! अरे गाढवांनो, माझंही मशीन चालूच होतं की! माझ्याकडं कॉम्प्युटर नाही म्हणून. मला का नाही डागत? मास्तर जड जातो, विधवा सोपी पडते, होय ना?"

आणि मी सीपीयूमागचा नारळ हिसकला. कॉम्प्युटर पुन्हा वाजला, "टुडुंग."

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. फडकं फाडलं तर नारळाला दोऱ्यानं बांधलेला पेनड्राइव्ह लटकत होता; तो लावला-काढला की कॉम्प्युटर असाच वाजतो. महाराज दाराकडं सरकले. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी, उशिरा का होईना, दार अडवलं.

"द्या इकडं, मास्तर," जयमाला उठत म्हणाली. तिनं तो पेनड्राइव्ह मारुतरावांच्याच कॉम्प्युटरला लावला. एका हातानं दंड धरलेला, दुसऱ्यानं माऊस चालवत होती. "बघा सगळे. आता मीच हडळ बसवते."

दोनचार क्लिक झाले, कॉम्प्युटर बंद होऊन सुरू झाला, आणि लेझर मशीन ठप्प! गर्दी भेदरून मागं सरली. तिनं पुन्हा क्लिक केलं. मशीन घरघरलं.

"कॉम्प्युटरचं बोलणं मशीनला समजावं म्हणून मधी एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ह्या प्रोग्रामनं त्याची प्रत काढून ठेवता येते. प्रोग्राम लई कामाचा हाय, प्रत्येकानं ठेवावा. ह्या बाबानं पूजेच्या नावाखाली प्रत खिशात घातली अन् मूळ ड्रायव्हर काढून टाकला. आज शालीखाली तोच परत बसवून चमत्कार दाखवला. माझ्या शेडमध्ये त्याला शिरता आलं नाई, म्हणून माझं चालू राहिलं."

एकानं बाबाच्या डोक्यावरची शाल ओढली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर दिग्विजय! थेरगावात डांगे चौकात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा!"

मारुतरावांचे डोळे फिरले. तीच सळई उचलून ते बाबावर धावले. "माझ्या पोराची बोटं! जित्ता न्हाई सोडत तुला!" मागोमाग तीच दांडकी, त्याच चपला. बाबा कोपऱ्यात मुटकुळं करून रडू लागला.

जयमाला आडवी उभी राहिली.

"सळई टाका, मारुतदादा. मघाशी माझ्यावर उचलली, तवाबी तुमची अशीच खात्री होती."

सळई हातातून गळाली. मारुतराव मटकन खाली बसले आणि हमसून हमसून रडले. पोलिस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली बाबाला उचललं, आणि जयमालाच्या तक्रारीवरून मारुतरावांनाही. मीच साक्ष दिली. मित्र असला म्हणून काय झालं?

बाबांनो, बायांनो, चमत्कार दिसला की तीनच गोष्टी विचारा. हे झालं कसं? झाकून का केलं? उघड्यावर पुन्हा करून दाखवतोस का? विचारायला काही लागत नाही, फक्त हात उचलण्याआधी तोंड उघडावं लागतं. चारही शेडचे ड्रायव्हर त्याच संध्याकाळी परत बसले. समाधानची बोटं आणि जयमालाच्या दंडाची कातडी यांची प्रत मात्र कुणीच काढून ठेवलेली नव्हती.