लाल ठिपक्याला हात लावायचा नाही

निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा असता तर पाणी, काळा असता तर पेट्रोल. निळ्याला दुसरा अर्थ नाही.

नेलपॉलिशच्या तीन बाटल्या, पान्यांच्या फळीवर, एका कापलेल्या डब्यात.

उशीच्या अभ्र्यावर तेलाचा डाग. तिने चादर धुतली, अभ्रा नाही.

दातांचा डॉक्टर, फोनवर: "माझ्याकडे पेशंट निदान ओरडून सांगतो कुठे दुखतंय."

बस डेपोत नवा मेकॅनिक लागलाय म्हणे. बोलत नाही फारसा. हात चांगला आहे.

पत्रा जिथे वळतो तिथे वेल्डिंगला हात स्थिर लागतो.

आता ओळीने.

गॅरेज बाबांचं. काम करणारी माणसं तीन: बाबा, त्यांची मुलगी आणि जावई. बाबा वेल्डिंग करायचे, मुलगी इंजिन बांधायची, जावई टर्बो आणि तेलाच्या नळ्या बघायचा. ज्याने काम केलं त्याने त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, कारण ते तेलाने सहसा निघत नाही. जावयाचा पांढरा, मुलीचा पिवळा, बाबांचा लाल. ठिपका म्हणजे काम झालं, आणि बिघडलं तर कुणाला धरायचं तेही ठरलं. पांढऱ्या-पिवळ्यावर कुणीही पाना लावावा. लालवर नाही. हा नियम कुणी केला नव्हता. लाल बाटली आईची होती. आई गेली, बाटली राहिली. घट्ट झाली की बाबा त्यात थिनर घालायचे आणि तेवढा वेळ कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही.

गाडी दातांच्या डॉक्टरची. जुनी, छोटी, टेकडीवरच्या शर्यतीत पळवायची. तिच्या इंजिनाला कंपनीने कधीच दिला नव्हता असा टर्बो या तिघांनी बसवला. टर्बो म्हणजे धुराच्या जोराने फिरणारं एक चाक, जे इंजिनात हवा कोंबतं. हे चाक तेलावर तरंगत फिरतं. तेल वरून बारीक नळीने दाबाने येतं, आणि खालच्या जाड नळीने आपल्याच वजनाने परत चेंबरमध्ये पडतं, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालच्या तेलाच्या भांड्यात. येणाऱ्या नळीवर पांढरा ठिपका. टर्बोवर पांढरा. इंजिनावर पिवळा. परतीची नळी चेंबरला जिथे जोडली तिथे लाल.

गाडी सुरू झाली. गरम होईपर्यंत शहाण्यासारखी चालली. मग शटरबाहेरचा रस्ता निळा झाला. समोरच्या शिंप्याने दार लावून घेतलं.

बाबा हात पुसत म्हणाले, "जावईबापू, तुमचा टर्बो विडी ओढायला लागला."

"बघतो, बाबा."

"बघा. आणि एक सांगून ठेवतो. धूर ज्याच्या ठिपक्यातून निघेल, त्याने आपलं काम दुसरीकडे बघावं. डॉक्टरसमोर माझी अब्रू गेली."

मुलगी हसली. तिला ती थट्टा वाटली. जावई हसला नाही.

टर्बो उतरवला. आतलं तेल अडवणारं सील गेलंय म्हणून नवा बसवला. तासभर बरं. मग तोच धूर.

तेलाचा दाब जास्त होतो म्हणून येणाऱ्या नळीत बारीक भोकाची पितळी गुंडी घातली. धूर कमी झाला आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. डॉक्टर गाडी घेऊन चौकापर्यंत गेला, तिथे पुन्हा निळं झालं आणि तो गाडी बंद करून ढकलत परत आला.

"इंजिनच बसलं असेल," बाबा म्हणाले. म्हणजे पहिल्यांदाच बोट मुलीकडे. तिने चारही सिलिंडरचं कंप्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घेतलं. उत्तम. प्लग काढले, चारही कोरडे. तेल सिलिंडरमधून येतच नव्हतं. टर्बोच्या पुढे सायलेन्सरचा पाइप मात्र आतून ओला, चमकत होता.

पिवळा सुटला. तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो नवऱ्याने ऐकला.

पोटातली हवा कोंडते का बघायला चालू इंजिनावर तेलाचं झाकण उघडलं. काही फरक नाही. हवा मोकळी होती.

दुसरा टर्बो काढून तिसरा, डॉक्टरने स्वतः दुसऱ्या शहरातून मागवलेला, न बोलता बसवला. तोही ओढायला लागला. आता बाबांनी थट्टा बंद केली होती. ते फक्त स्टुलावर बसून बघायचे. हे जास्त वाईट.

"ऐक," जावई तिला म्हणाला. गाडीखाली दोघंच होती, पाठी जमिनीला, तोंडं शेजारी. "टर्बो बरा आहे. आधीचे दोन्हीही बरे होते. तेल आत जातंय, बाहेर पडत नाहीये. परतीची नळी चेंबरला बघ कुठे शिरलीय."

"कुठे?"

"खाली. तेलाच्या पातळीच्याही खाली. तेल तेलात कसं पडणार? वर तुंबतं आणि सीलमधून पिळून बाहेर येतं. नळी सोडून डब्यात टाकू. दोन मिनिटं इंजिन चालवू. धूर थांबला तर कळेल."

"तिथे लाल आहे."

"मला दिसतंय काय आहे ते."

"मग?"

"मग काय मग? लाल आहे म्हणून तेल खाली पडेल का?"

स्टुलावरून आवाज आला. "कोण कशाला हात लावतंय?"

दोघं गाडीखालून सरकत बाहेर आली. बाबा उभे होते. जावयाने तेच पुन्हा सांगितलं, हळू, आदराने, "बाबा, फक्त बघू या" अशी सुरुवात करून. बाबांनी पूर्ण ऐकलं. मग मुलीकडे बघून म्हणाले, "मी वेल्डिंग करत होतो तेव्हा हा शेंबूड पुसत होता. बोल आता तू. कुणाचं उघडायचं?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो नुसता थांबला होता, पाना हातात. तो परवानगी मागत नव्हता, माफीही नाही. एक शब्द पुरला असता.

"तू आधी तुझं नीट बघ ना," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी दुसऱ्याचं कशाला?"

त्याने पाना फळीवर जागच्या जागी अडकवला. हात साबणाने धुतले, कोपरापर्यंत, नखांच्या कडा घासून. सुट्टी असल्यासारखे.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "माझं बघतो."

जाताना पांढरी बाटली नेली नाही. नेली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडण मिटवता आलं असतं. घरी त्याच्या बहिणीचा फोन आला: तो आमच्याकडे आहे, वहिनी, काळजी नको. "काळजी नको" हे असं म्हटलं की नणंद कुणाच्या बाजूची ते कळतं.

गाडी उभीच राहिली. डॉक्टरची शर्यत निघून गेली. तो येऊन ओरडला नाही. गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्याकडे असं झालं तर मी चांगला दात काढून बसतो हो. एकदा नाही, कितीदा." बाबा म्हणाले, "जावयाचं काम होतं. तो सोडून गेला." ती शेजारी उभी होती. न बोलण्याची सवय एकदा लागली की तिला खर्च येत नाही.

मग एक दुपार. बाबा जेवून आतल्या खोलीत आडवे झालेले. ती गाडीखाली शिरली. लाल ठिपका डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर. तिने त्याच्यावर पाना लावला. काही झालं नाही. नट नटासारखा फिरला, ठिपक्याचे दोन तुकडे झाले. चेंबरचं तोंड बुचाने बंद केलं, नळीचं तोंड डब्यात सोडलं, सांडलं तेवढं तेल वरून भरलं, गाडी सुरू केली.

गरम होऊ दिलं. रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. डब्यात तेल पडत होतं, मऊ आवाजात, थांबत नव्हतं. पाइप अजून ओला होता म्हणून थोडा धूर आला. मग विरळ झाला. मग रस्ता दिसायला लागला. मग शिंप्याची पाटी, तिच्यावरची अक्षरं, त्यातलं एक उलटं बसलेलं.

तिने गाडी बंद केली. बाबा दारात होते, बनियनवर.

"थांबला," ती म्हणाली.

"दिसतंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

बाबा स्टुलावर बसले. हात मांड्यांवर ठेवले आणि दोघंही ते हात बघत राहिले. ते थोडे हलत होते. ते कधीपासून हलत होते हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"वर पत्रा वळतो," बाबा म्हणाले. "कडेला. तिथे माझा हात राहत नाही आता. खाली सपाट होतं."

"मग त्याला सांगायचं. त्याने केलं असतं."

"त्याने केलं असतं!" बाबा ओरडले आणि मग आवाज खाली गेला. "हो. केलं असतं. आणि ठिपका कुठला दिला असता?"

ती डबा घेऊन उठली. तेल कोमट होतं.

"हे बघ पोरी. चेंबर उतरव. खालचं भोक बंद कर, वरती नवीन पाड. तुला येतं. डॉक्टरला गाडी दे. आणि जे झालं ते झालं. त्याला आता नोकरी लागलीय, डेपोत. पगारी. बरंच झालं की त्याचं."

"आणि माझं?"

बाबांनी लाल बाटलीत थिनर घालायला घेतलं.

चेंबर तिने उतरवला. भोक वर पाडलं, जोड वेल्ड केला. तिच्या वेल्डिंगला बाबांची सर नव्हती, पण थेंब गळला नाही. ठिपका द्यायची वेळ आली तेव्हा बाबांनी लाल बाटली पुढे केली, झाकण उघडून. तिने दिला.

डॉक्टर गाडी घेऊन गेला, त्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन. आपणहून. बाबा समोर चहा घेत होते.

"डॉक्टर डेपोत आला होता," तो म्हणाला. "म्हणाला, थांबला धूर."

"थांबला."

"कुठे होतं?"

बाबांनी कप खाली ठेवला नाही, उचललाही नाही.

"टर्बोतच," ती म्हणाली.

पलीकडे एक बस सुरू झाली, बराच वेळ गुरगुरली आणि बंद पडली.

"बरं," तो म्हणाला. "कपडे घ्यायला बहिणीला पाठवतो."

चेंबरला पहिलं भोक पाडायच्या आधी जावयाने त्यावर खडूने खूण केली होती, तेलाच्या पातळीपेक्षा चार बोटं वर, आणि बाबांनी ती ओल्या फडक्याने पुसली तेव्हा तो समोर उभा होता.